उत्तर: सहकाऱ्याने बिघडवलेलं काम
पार्लरमधली सोबतची मुलगी रूट टच-अप करताना, म्हणजे नुसत्या नव्याने वाढलेल्या मुळांना रंग लावताना, तो थेट टोकांपर्यंत ओढते आणि तक्रार आली की निस्तरायला तुम्हाला बसवतात, असं लिहिलंय तुम्ही. मालकिणीकडे नुसतं 'ती नीट काम करत नाही' म्हणत जाऊ नका, चुगली वाटते. केस हातात धरून दाखवा. दर वेळी जुन्या रंगावर रंग चढला की टोकं काळपट पडतात, आणि रंगाने रंग उतरत नाही. मग रिमूव्हर नाहीतर ब्लीच, केसांची हालत, शिवाय तुमचे दोन-तीन तास फुकट.

कलर कार्ड सुरू करायला लावा: शेड कोणती, डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) ६ टक्के की ९, किती मिनिटं ठेवला, कोणी लावला. खाली सही असली की हात जपून चालतो. खुर्चीतल्या ताईंसमोर मात्र तिच्याबद्दल अवाक्षर नको, नाव पार्लरचंच जातं.

आणि ती ४८ तास आधीची पॅच टेस्ट (थोडा रंग त्वचेवर लावून ॲलर्जी बघणं) टाळत असेल तर कार्डाची वाट बघू नका, त्याच दिवशी मालकिणीला सांगा. पीपीडीची, म्हणजे केसांच्या रंगातल्या एका रसायनाची, ॲलर्जी असली की डोळे सुजून मिटतात, पाहिलंय मी.