सबाटिंका की म्नेसार्किया? न्यूझीलंडचे चिमुकले पतंग

ओलंरान: वेलिंग्टनजवळ ओढ्याकाठच्या नेच्यांवर दिवसा बसलेले, जेमतेम 5 मिमीचे, चकचकीत पतंग दिसतात. पंख छपरासारखे मिटलेले. सबाटिंका वाटतात, पण म्नेसार्कियाही अशाच ओल्या जागी असतो. न मारता, फोटोवरून प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरवता येईल का? अळ्या कुठे बघायच्या?

जबडेवाला: तोंडाचा फोटो हवा, नुसता वरून काढलेला पुरत नाही. सबाटिंकाला सोंड नसते. त्याला खरेखुरे चावणारे जबडे असतात, त्यांनी तो नेच्यांची बीजुके आणि परागकण चावून खातो. म्नेसार्कियाला आखूड सोंड असते, पंखही अरुंद आणि टोकदार. रंगावर जाऊ नका, फ्लॅशचा कोन बदलला की पंखांवरच्या खवल्यांची झाक बदलते.

1:1 मॅक्रोने (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढाच उमटतो) 36 मिमी रुंद सेन्सरवर हा पतंग रुंदीचा सातवा भागच व्यापेल, त्यात तोंड दिसणार नाही. 3:1 पर्यंत, म्हणजे तिप्पट मोठं, जा. तिथे एफ/8 (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) म्हणजे प्रत्यक्षात एफ/32 होतं आणि चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा एफ/5.6 ठेवून फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घ्या आणि जोडा. फ्लॅशवर डिफ्यूझर (प्रकाश मऊ पसरवणारा पडदा) हवाच.

शेवाळवाट: अळ्यांवरून तर फरक जास्त स्वच्छ कळतो. सबाटिंकाची अळी पानेदार लिव्हरवर्टवर (मॉससारखी ओल्या जागची बुटकी वनस्पती) उघड्यावर चरते, अगदी संथ. म्नेसार्कियाची अळी मॉस-शेवाळाच्या थरात रेशमी बोगदे करून राहते आणि धक्का लागताच मागे सटकते. म्हणून थर ओरबाडू नका, भिंगातून आधी बोगदे शोधा.

पाळायची असेल तर लिव्हरवर्ट खालच्या मातीसकट घ्या. डबा थंड, सावलीत. वाळलं की अन्नच मरतं, आणि झाकणावर थेंब साचले की बुरशी येते, बाहेर पडलेला पतंगही थेंबाला चिकटतो. सबाटिंकाचा कोश फाडून मदत करू नका: आतल्या प्यूपालाच (अळी आणि पतंग यांमधली अवस्था) मोठे जबडे असतात, तो स्वतः कोश कापतो.

संवर्धन खात्याच्या जमिनीवरून अळी काय, लिव्हरवर्टचा गोळाही परवानगीशिवाय उचलता येत नाही.

जबडेवाला: एक भर. जुन्या नोंदींतलं 'म्नेसार्किया' तसंच उचलू नका. 2019 मध्ये त्यातल्या अनेक जाती म्नेसार्केला या नव्या प्रजातीत गेल्या. म्नेसार्कियाचं हे अख्खं कुळ न्यूझीलंडबाहेर कुठेच नाही. सबाटिंका मात्र न्यू कॅलेडोनियातही आहे. तोंड स्पष्ट दिसलं नाही तर नोंदीत प्रजातीचं नाव टाकूच नका.