मदत हवी आहे: एकाच फायबर जोडीवर चार 10 गिगाबिट लिंक

दोन इमारतींमध्ये साधारण 700 मीटर सिंगल-मोड फायबर आहे, पण मोकळी जोडी एकच उरली आहे. त्यावरून 10 गिगाबिटच्या चार स्वतंत्र लिंक न्यायच्या आहेत. नवी केबल ओढणं शक्य नाही.

पॅसिव्ह सीडब्ल्यूडीएम मक्स (वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश एकाच फायबरवर एकत्र आणणारा आणि पुन्हा वेगळा करणारा, विजेशिवाय चालणारा डबा) दोन्ही टोकांना लावायचा विचार आहे. या पद्धतीत तरंगलांबींमध्ये 20 नॅनोमीटरचं अंतर असल्यामुळे लेझर थंड ठेवावा लागत नाही, आणि स्वस्ताईचं मूळ तेच. यात वापरल्या जाणाऱ्या डीएफबी लेझरची (एकाच ठराविक तरंगलांबीचा लेझर) तरंगलांबी तापमानाच्या दर अंशाला सुमारे 0.1 नॅनोमीटर सरकते, म्हणजे 50 अंशांच्या फरकाने 5 नॅनोमीटर. माझी खरी काळजी इथेच आहे, कारण एका टोकाची पेटी वातानुकूलित नाही. मक्समधल्या प्रत्येक चॅनलच्या फिल्टरमधून जाऊ शकणारा तरंगलांबींचा पट्टा साधारण 13 नॅनोमीटर असतो. लेझरच्या तरंगलांबीतली मूळ चूक धरली तर तेवढा पुरतो का? उन्हाळाभर असा सेटअप चालवलेल्या कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा.

दुसरं, 1271 ते 1331 नॅनोमीटर हे चार चॅनल घ्यावेत की 1471 पासून पुढचे? या अंतरावर डिस्पर्शनचा (फायबरमध्ये प्रकाशाचे स्पंद पसरण्याचा) प्रश्न नाही. फायबर जुनं आहे, म्हणून 1383 जवळचं पाण्याचं शोषण टाळायचंच आहे. ते दोन्हीकडे टळतं. मग सुटे एसएफपी प्लस (स्विचमध्ये बसणारे 10 गिगाबिटचे ऑप्टिकल मॉड्यूल) मिळायला सोपे कोणते?

आणि लांब पल्ल्याचे, एपीडी (फार संवेदनशील प्रकाश-डिटेक्टर) रिसीव्हरवाले मॉड्यूल हाती आहेत. इतक्या कमी अंतरावर ते ॲटेन्युएटरशिवाय (प्रकाश कमी करणाऱ्या जोडणीशिवाय) लावायची मला भीती वाटते, कारण जास्त प्रकाशाने रिसीव्हर बिघडू शकतो. किती डीबीचा घालू?