नोकरी, घर आणि ऑनलाइन पदवी: सत्राला विषय किती घ्यावेत?

रातकिडा
माझं मत सरळ आहे. नोकरी आणि लेकरं सांभाळून शिकायचं तर सत्राला एकच विषय. मी पहिल्या सत्रात तीन घेतले होते. व्याख्यानं रेकॉर्ड केलेली, म्हणजे कधीही बघता येतील, या भरवशावर. हे 'कधीही' म्हणजे रात्री साडेदहानंतर, ते पंधरा दिवसांत कळलं. एकच व्याख्यान तीन रात्री लावलं आणि तिन्ही वेळा बाराव्या मिनिटाला डोळा लागला. चौथ्या रात्री थेट बाराव्या मिनिटापासून सुरू केलं, तर आधीचं काही आठवेना.

हिशेब आधीच मांडायला हवा होता. युरोपातल्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास. वाचन, असाइनमेंट, परीक्षा सगळं धरून. पाच क्रेडिटचा विषय १२५ ते १५० तासांचा. सत्र १५ आठवड्यांचं असेल तर आठवड्याला आठ-दहा तास. तीन विषयांचे पंचवीस-तीस तास मी आणणार कुठून होते?

ओळंबा
तुमचाच हिशेब पुढे नेतो. तीन वर्षांच्या पदवीला १८० क्रेडिट, म्हणजे ३६ विषय. वर्षाला दोन. अठरा वर्षं! तोवर लेकरूच तुमच्या वर्गात येऊन बसेल.

रातकिडा
माझी पदव्युत्तर आहे हो. ६० क्रेडिट, बारा विषय, सहा वर्षं. चालेल मला.

ओळंबा
मला नसतं चाललं. सहा वर्षांत नोकरी बदलते, घरात आजारपणं येतात, आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा हातात घेणं फार जड जातं. दोन विषय घ्या, तीन वर्षांत मोकळे व्हा. मी तसंच केलं.

शिवाय घोळ विषयांच्या संख्येत नाही, व्हिडिओ बघण्याला अभ्यास समजण्यात आहे. मी व्याख्यान एकदाच बघायचो, मग लॅपटॉप मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचो. जे राहिलं तेवढंच परत बघायचं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

रातकिडा
त्या प्रयोगात दर सात मिनिटांनी कुणी 'माझी वही कुठेय' विचारत नसणार. कागदाची युक्ती घेते, दुसरा विषय नाही.

अर्धांग
मी विद्यार्थी नाही, विद्यार्थिनीचा नवरा आहे. तुम्ही दोघं तास मोजताय. आमच्याकडे तास होते, पण ते तिचे नव्हते. लॅपटॉपसमोर बसलेलं माणूस मोकळंच आहे असं घरातले सगळे धरून चालतात, मीसुद्धा. शेवटी तिने दारावर कागद लावला: 'साडेसात ते नऊ वर्ग चालू'. पहिल्याच दिवशी पावणेआठला मी दार वाजवलं. कात्री सापडत नव्हती.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली तेव्हा काही व्याख्यानं बीबीसीवर ठरल्या वेळी लागायची. गैरसोय होतीच, पण 'नंतर बघ की' म्हणायची सोय घरच्यांना नव्हती.

ओळंबा
हे पटलं. पण दीड तास रोज मिळाला तर आठवड्याला साडेदहा होतात. दुसऱ्या विषयाचे उरलेले आठ-नऊ तास मी शनिवार-रविवारी काढायचो.

रातकिडा
आणि त्या शनिवार-रविवारी घर कोण बघायचं?

ओळंबा
बायको. हो, तिला कधी विचारलं नव्हतं.

अर्धांग
कात्री तिच्याच टेबलावर होती, बाय द वे.