वायनाडसाठी रविवारची प्रार्थना : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑगस्ट २०२४

सी-३०१ काकू : सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी ११ तारखेला संध्याकाळी ७ वाजता केरळात वायनाडमध्ये दरड कोसळली, त्यातून वाचलेल्या लोकांसाठी रोझरी, म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना, म्हणायची आहे. सोसायटीचा हॉल मिळेल का? ज्यांना यावंसं वाटेल त्या सगळ्यांनी या, चर्चला जाणारेच पाहिजेत असं नाही.

सेक्रेटरी : हॉल मोकळा आहे काकू. भाडं घेणार नाही. सतरंज्या वॉचमनला सांगून टाकून ठेवतो.

बी-२०४ काका : वहिनी, राग मानू नका. प्रार्थनेने कुणाच्या डोक्यावर छप्पर येणार आहे का? तोच तासभर आपण विंगमध्ये फिरून वर्गणी गोळा करू. निदान काही पोचेल तरी.

सी-५०२ : फॉरवर्ड आलाय, वाचा. तिथल्या लोकांच्या पापांमुळे देवाचा कोप झाला म्हणे.

ए-१०३ सिस्टर (नर्स) : प्लीज हा मेसेज काढा. माझ्या बहिणीचं सासर तिकडेच, वायनाडमधल्या मेप्पाडीला आहे. दरडीखाली गेलेल्या चूरलमला गावचं एक कुटुंब सध्या त्यांच्याकडे राहतंय. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या अम्माचा मुलगा अजून सापडलेला नाही. जरा जोराचा पाऊस आला की ती उठून दारात जाऊन बसते. तिच्या वाचनात हे आलं तर?

सेक्रेटरी : काढला. असले मेसेज या ग्रुपवर नकोत.

सी-३०१ काकू : सिस्टर, तुमच्या बहिणीला आमचा नमस्कार सांगा. आणि त्या फॉरवर्डबद्दल मला लिहायलाच हवं, कारण देवाचं नाव घेऊन ते लिहिलंय. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात १३व्या अध्यायात शिलोहचा बुरूज पडून १८ माणसं दगावल्याचा उल्लेख आहे. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. इतकं स्वच्छ सांगितल्यावर आपण कोण न्याय करणारे? ३० जुलैच्या पहाटे डोंगर खाली आला तो ४८ तासांत ५७२ मिलिमीटर पाऊस झाल्यावर. तिथल्या मुंडक्कै गावात मळ्यावरच्या चहा कामगारांच्या चाळी होत्या, माणसं झोपेत होती. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आमचे ख्रिस्ती होते.

आता काकांचं. काका, तुम्ही बोललात ते बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलंच आहे. भाऊ उघडा आहे, उपाशी आहे, आणि तुम्ही त्याला नुसतं "सुखी राहा, ऊब घे, पोटभर जेव" म्हणालात तर काय उपयोग, असं तो खडसावून विचारतो. तेव्हा रविवारी पेटी ठेवायचीच. पण तुम्हीही या. पैसे आपण एकदा पाठवू आणि मग विसरू. प्रार्थनेत नाव घेतलं की ते माणूस आपल्या घरातलं होतं. निदान मला तरी तसं होतं. मग त्याचं काय झालं हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

बी-२०४ काका : येतो वहिनी. पेटी मी आणतो.

ए-१०३ सिस्टर : काकू, एक विनंती. मेलेल्यांसाठी प्रार्थना सगळीकडे होतेय, व्हायलाच हवी. पण जे मागे राहिलेत त्यांच्यासाठी वेगळी करा. डीएनएचे नमुने देऊन वाट बघत बसलेत त्यांच्यासाठी. पुतुमलामध्ये ओळख न पटलेल्यांना पुरलं तेव्हा तिन्ही धर्मांची प्रार्थना झाली, पण दगडावर फक्त नंबर आहे. त्यातला आपला कुठला, हे रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांना कळत नाही. वेल्लारमलाच्या शाळेतली मुलं आहेत, त्यांची शाळाच राहिली नाही. आणि चिखलातून हातांनी माणसं काढणारी पोरं, त्यांनाही झोप नाही.

ए-४०४ : बेली पूल, म्हणजे लोखंडी भाग जोडून झटपट उभा करायचा पूल, बांधणाऱ्या जवानांसाठीही. १९० फुटांचा पूल १ ऑगस्टला उभा केला, मग कुठे मशिनं नदीपलीकडे गेली. त्यातल्या मेजर सीता शेळके आपल्या नगर जिल्ह्यातल्या.

सी-३०१ काकू : हे सगळं लिहून घेतलंय. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एकेक करून म्हणू. रोझरीत रविवारी गौरवाची रहस्यं, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानापासूनचे प्रसंग असतात, पण या वेळी त्याच्या दुःखाची घ्यावीत असं मला वाटतं, फादरना विचारते. बायबलमधलं स्तोत्र १३० मी मराठीत वाचीन, सिस्टर मल्याळममध्ये वाचतील का?

ए-१०३ सिस्टर : वाचीन काकू.

डी-४०१ : मी आंबेगाव तालुक्यातला. आमच्याकडचं माळीण गाव ३० जुलै २०१४ ला असंच दरडीखाली गेलं, बरोबर दहा वर्षं आधी, तारीखसुद्धा तीच. १५१ माणसं गेली. गाव दिसत नाही हे आधी एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं. पहिल्या आठवड्यात मंत्री, टीव्हीवाले, ट्रकच्या ट्रक मदत. उरलेल्यांना नव्या गावात घरं मिळाली २०१७ मध्ये. मधल्या काळात माणसं पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि तेव्हा विचारायला फार कुणी नव्हतं. तुम्ही प्रार्थना करताय तर एका रविवारी थांबू नका, एवढंच सांगतो.

सी-३०१ काकू : दादा, खरं बोललात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठेवू. केरळच्या बिशप परिषदेने १०० घरं बांधायचं जाहीर केलंय. सरकारही बांधेल, इतर संस्थाही बांधतील. माणसं आपापल्या घरात राहायला जाईपर्यंत आपण थांबायचं नाही. सिस्टरच्या बहिणीकडून दर महिन्याला खबर घ्यायची आणि तीच प्रार्थनेत मांडायची.

सेक्रेटरी : मग १ सप्टेंबरचाही हॉल लिहून ठेवतो. ७ तारखेला गणपती आहेत, मांडवाचं सामान एका बाजूला असेल, पण बसायला जागा होईल.

बी-२०४ काका : गणपतीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढणार आहे. या वर्षी डेकोरेशनचं बजेट निम्मं करून उरलेलं तिकडे पाठवू.

सी-५०२ : माझ्याकडून ५००० धरा. रविवारी मी आईला घेऊन येतो.

ए-१०३ सिस्टर : जुने कपडे कुणी देऊ नका, तिथे ढीग पडलेत. बहीण म्हणते वह्या, दप्तरं आणि बीपी-शुगरच्या गोळ्या हव्यात. गोळ्यांची नावं उद्या ड्युटीवरून आल्यावर टाकते.