मदत हवी आहे : मित्रांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवू का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न पोरकट वाटेल, आमची वयं पस्तिशीच्या आसपास आहेत. आम्ही पाच जण डोंबिवलीचे, कॉलेजपासून एकत्र ट्रेक करणारे. रात्रीची कसारा लोकल, पहाटे पाचनई, उन्हं चढायच्या आत हरिश्चंद्रगड. मागच्या वर्षी एकीच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, शस्त्रक्रिया झाली. तिला मागे ठेवून जायला कुणाचाच पाय निघेना, आणि ट्रेक बंदच पडले. आता शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो, वडापाव खातो, आणि नऊ वाजले की जो तो आपापल्या फोनमध्ये.

मी हा खेळ ऑनलाइन पाच-सहा वेळा खेळले आहे, चालवलेला एकदाही नाही. परवा सहज बोलून गेले, "चला, टेबलावर बसूनच गडावर जाऊ." आता सगळे मागे लागलेत.

माहीत नसेल त्यांच्यासाठी : 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेला हा खेळ. एक जण जग सांगतो (यालाच खेळ चालवणं म्हणतात), बाकीचे त्यातली पात्रं होतात. "मी कड्यावरून उतरते" म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. मध्यम अवघड कामाला 15 लागतात. गाभ्याचे नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतात, त्यामुळे खर्चाची काळजी नाही.

गोष्ट माझ्या डोक्यात आहे. केदारेश्वराची गुहा, लिंगाभोवती कमरेएवढं गारठलेलं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. तो पडला की कलियुग संपणार, असं गडावर सांगतात. माझ्या गोष्टीत त्या खांबाला तडा गेलाय. खेळातल्या गोब्लिनांचे, म्हणजे खुज्या दुष्ट राक्षसांचे, मी झोटिंग केलेत.

मागच्या रविवारी नवरा आणि अकरा वर्षांचा भाचा यांच्यावर तालीम केली, आणि तिथेच माझा धीर सुटला. फासे नव्हते म्हणून हाऊजीच्या 1 ते 20 सोंगट्या पिशवीत घातल्या. काढलेली सोंगटी परत टाकायची असते हेच विसरले! नवऱ्याने पहिल्याच फटक्याला 20 काढला, तो तासभर त्याच्या चहाच्या बशीत पडून होता. भाचा जादूगार, जीव (म्हणजे पात्र किती मार सोसतं तो आकडा) जेमतेम 7. मी हौसेने चार झोटिंग सोडले आणि दुसऱ्या फेरीतच तो गेला. पोराने पेन्सिल हळूच खाली ठेवली. "मावशी, मग आता मी नुसतं बघू?"

शनिवारी असं झालं तर? आमच्यातला एक सोसायटीचा सचिव आहे, उपविधी पाठ, तो प्रत्येक नियमावर हरकत घेणार. एक एकांकिकावाला, त्याला थांबवायचं कसं? आणि गुडघावाली मैत्रीण मुळात कमी बोलते. हा घाट तिच्यासाठी आणि तीच कोपऱ्यात बसून राहिली, तर त्यापेक्षा वडापाव बरा. चालवू की नको? मराठीत चालवलेलं कुणी आहे का?

प्रतिसाद 1
ताई, भाचा मेलाच नव्हता! जीव शून्यावर आला की पात्र बेशुद्ध पडतं. मग दर पाळीला फासा, 10 किंवा वर आला तर यश. तीन यशं आधी झाली तर वाचला, तीन अपयशं आधी झाली तर गेला. शिवाय पहिल्या पातळीवर चार शत्रू एकदम सोडू नका, दोनच ठेवा, आणि एक घायाळ झाला की दुसरा पळतो. सचिवांना नियमांचं पुस्तक धरायला द्या. हरकत घेणाऱ्यानेच पान शोधायचं, एका मिनिटात सापडलं नाही तर तुम्ही म्हणाल ते. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात हरकती आटल्या.

प्रतिसाद 2
मी थोडं उलट सांगतो. लढाई सुरुवातीला ठेवूच नका, आणि "वर्षभराची मोहीम" हा शब्द तोंडातून काढू नका. एक संध्याकाळ, तीन तास, संपली गोष्ट. मराठीत झकास चालतं, फक्त वर्णन पुस्तकी नको. "गुहेत गूढ अंधकार पसरला होता" म्हणालात की लोक फोन काढतात. "पाण्यात पाय घातला, पोटऱ्या बधिर झाल्या" म्हणा. कमी बोलणाऱ्यांना "तू काय करतेस?" असं मोकळं विचारलं तर त्या गोठतात. नेमकं विचारा : "दोर तुझ्याकडे आहे. आधी कुणाला उतरवतेस?"

धागाकर्ती
दोघांचेही आभार. शून्याचा नियम वाचून भाच्याला फोन केला, तर तो म्हणतो, "मग मी अजून तिथेच पडलोय का?" त्याला येत्या रविवारी उठवते आहे.

दोराचं एकदम पटलं. नळीच्या वाटेला दोर कायम तिच्याच सॅकमध्ये असायचा, हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. शनिवारी एकच संध्याकाळ करून बघते, झोटिंग दोन. वीस बाजूंचा फासा ठाणे-डोंबिवलीत दुकानात कुठे मिळतो, एवढं कुणी सांगाल का? हाऊजीची पिशवी नवऱ्याने लपवली आहे.