बॉक्स-पीसीआरच्या जेलसाठी कोणतं सॉफ्टवेअर? एकच स्ट्रेन स्वतःशी जुळत नाहीये, मदत हवी

नमस्कार,

हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमधून काढलेले ३८ मेसोरायझोबियम आयसोलेट (वेगळे काढून वाढवलेले जीवाणू) आहेत, मराठवाड्यातल्या तीन तालुक्यांतले. बॉक्स-पीसीआर (जीवाणूच्या डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या बॉक्स तुकड्यांवरून बँडचा नमुना काढायची पद्धत) केला, दीड टक्के अ‍ॅगारोजवर चार जेल चालवली. आता फिंगरप्रिंट ताडून सारखे स्ट्रेन कोणते ते ठरवायचंय, आणि तिथेच अडलेय.

आमचे सीनियर बायोन्यूमेरिक्स हे सॉफ्टवेअर वापरायचे, ते २०२४ अखेर बंद झालं. पायएल्फ हे दुसरं सॉफ्टवेअर बँड छान पकडतं, पण मला चारही जेल एकत्र हवीत. म्हणून जेलजे घेतलं. स्पेनच्या ला रिओहा विद्यापीठाचं, जावावर चालतं, फुकट आहे.

अडचण अशी: २३ नंबरचा आयसोलेट मुद्दाम दोन जेलांवर चालवला होता. पीसीआरची ट्यूबही एकच. तरी साम्य ८७ टक्के! एका जेलवर १२ बँड, दुसऱ्यावर ११, जुळले १०; डाइसच्या सूत्राने (जुळलेल्यांची दुप्पट भागिले दोन्हींचे एकूण बँड) २० भागिले २३. टॉलरन्स (बँडच्या जागेत किती फरक चालवून घ्यायचा ते) १ वरून २ टक्के केला की अकरावाही जुळतो, ९६ होतात. पण मग ७ आणि ३१ नंबरही १०० टक्के एक ठरतात. जेलवर तर फरक स्वच्छ दिसतो: ७ चा वरचा बँड लॅडरच्या (माहीत लांबीच्या तुकड्यांची मापाची लेन) १५०० बेसपेअरच्या रेघेला टेकलेला, ३१ चा जरासा खाली.

टॉलरन्स कशावरून ठरवता? डाइस सोडून पिअर्सन (बँड न मोजता अख्ख्या लेनच्या उजेडाचा आलेख ताडणारं माप) घेऊ का? गाइड म्हणतात, बँड डोळ्यांनी बघून ०-१ चा तक्ता कर आणि आर या प्रोग्राममध्ये यूपीजीएमए (साम्यावरून गट पाडायची पद्धत) लाव. पण सगळा निकाल माझ्या एकटीच्या नजरेवर सोडायला मन धजत नाही.

प्रतिसाद:
ताई, आधी लॅडर बघा. एकाच कडेला घातला असेल तर मधल्या लेनमधली वाकलेली धाव कुठलंच सॉफ्टवेअर नीट सरळ करणार नाही. दोन्ही कडांना आणि मध्ये एक, असा हवा. पल्सनेटच्या (अन्नातून पसरणाऱ्या रोगांवर नजर ठेवणारं प्रयोगशाळांचं जाळं) पीएफजीईत, म्हणजे डीएनएचे मोठे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलमध्ये, साल्मोनेला ब्रेंडरप एच९८१२ हा एकच संदर्भ स्ट्रेन प्रत्येक जेलवर अनेक लेनमध्ये घालायचे, तो याचसाठी. पिअर्सन बँडच्या उजेडावरही जातं. चार जेलांचं स्टेनिंग कमीजास्त असेल तर नकोच. तुमचा २३ नंबर हीच मोजपट्टी: तो स्वतःशी जितका जुळतो, त्याहून जास्त साम्य असलेल्यांना वेगळे स्ट्रेन म्हणू नका. ७ आणि ३१ मात्र एकाच जेलवर शेजारशेजारी पुन्हा चालवा, आणि फोटो इथे टाका.