तुराट्यांची टोपली भिंतीवर गेली, विणणाऱ्याला काय मिळालं?

मांजराकाठ (लातूर)
परवा संभाजीनगरला प्रदर्शनात तुराट्यांची (तुरीच्या काड्यांची) टोपली दिसली. तळाला रंग, मागं टांगायला कडी, किंमत ६५०. चिठ्ठीवर 'पर्यावरणपूरक, स्थानिक कारागिरांकडून'. आमच्या आठवडी बाजारात तीच ८० ला मिळते. कुणी विणली विचारलं, तर स्टॉलवाल्याला तालुकाही सांगता येईना. माझं मत: विणणाऱ्याचं नाव अन् त्याला दिलेली रक्कम चिठ्ठीवर नसेल तर असला माल घेऊच नये.

बुरूडआळी
नका घेऊ. तसंही येळवस (वेळ अमावस्येचा सण) अन् लग्नसराई सोडली तर आमच्याकडं येतं कोण? घरोघरी प्लास्टिकचं टोपलं आलंय. माझे वडील विणतात. तुराट्या ओल्या असतात तोवरच वळतात, वाळल्या की कटकन मोडतात. म्हणजे तूर काढली की मोजके दिवस हातात. दिवसाला तीन टोपल्या झाल्या तर लई. ८० नं किती? २४०. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ ला ३१२ होती. आता सांगा, कोण लुटायलंय?

मांजराकाठ
हिशेब मान्य, ८० देताना लाज वाटायला पाहिजे. पण त्या ६५० मधले वडलांना किती?

बुरूडआळी
१५०. रोख. गाडीभाडं, स्टॉलचं भाडं, न खपलेला माल, सगळं आमच्याकडून घेऊन तिथं विकणाऱ्याच्या बोकांडी. आधी मीपण चिडलो होतो.

वाकळवाली (परभणी)
पैशाचं ठीक आहे, हाताचं काय? आमच्या आजीची वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर अन् दाट धावदोरा. आता भिंतीवर टांगायला मागतात, म्हणून दोनच थर, टाके विरळ. वर कहर म्हणजे कापड नवंकोरं आणायचं, ते 'जुन्यासारखं' दिसेल असं निवडायचं! चिंध्या वाचवायला निघालेली वस्तू, तिच्यासाठी ठाण फाडायलेत. याला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं? चार ऑर्डरी मी परत पाठवल्या. सासूबाई अजून बोलून दाखवतात, तो भाग वेगळा.

खडकीवाला
ताई, तुम्हाला परत पाठवणं परवडलं. खुलताबादजवळचं कागजीपुरा बघा. तुघलकानं १३२७ ला राजधानी देवगिरीला आणली, तिच्यासोबत कागद करणारे आले असं तिथं सांगतात. चिंध्या कुटून कागद, झाड तोडायचं कामच नाही. मिलचा कागद आला अन् वह्या-दप्तरांचं काम गेलं. आज थोडंफार तगलंय ते शोभेच्या कागदावर. शोभेला नावं ठेवणं सोपं आहे.

पूर्णाकाठ
टोपलीच्या तुराट्या शेतातल्या, तिथं वाद नाही. पण असल्या प्रदर्शनात शेजारीच मांडलेले बांबूचे दिवे? बांबू बाहेरून ट्रकनं आणायचा, भुंगा लागू नये म्हणून औषध मारायचं, वर व्हार्निशचे हात. बुरूड लोक बांबू पाण्यात मुरवायचे, आतलं पिठूळ निघून जायचं अन् कीड कमी लागायची. ते करायला आता वेळ कुणाला? २०१७ ला कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू 'झाडा'तून वगळला, म्हणजे तोडायला वनखात्याची परवानगी नको. बांधावर लावा की, भाडं तरी वाचेल.

बुरूडआळी
बांध कुणाचा? आमच्याकडं गुंठाभर रान नाही.

पूर्णाकाठ
खरंय. ते डोक्यात आलं नाही.

मांजराकाठ
बरं, शनिवारच्या बाजारात १५० देऊन बघतो.

बुरूडआळी
आमच्या वडलांकडं आलात तर ते १०० च सांगतील, सवय आहे. तुम्ही फक्त ९० ला मागू नका.